पंचवीस शब्द

हेडफोनचा उजवा कप बंद पडला, म्हणून डाव्या कानाचं बिंग फुटलं.

मुलाखती, बैठका, व्याख्यानं ऐकून कागदावर उतरवून काढायची, हे माझं काम. दिवसाचे सहा-सात तास कानावर हेडफोन आणि पायाखाली पेडल. त्या दिवशी वायर कुठेतरी तुटली आणि आवाज नुसता डावीकडून यायला लागला. बोलणारे गृहस्थ सावकाश बोलत होते, आवाजही पुरेसा मोठा होता, तरी वाक्य काही हाती लागेना. ‘सरकारी’ की ‘सहकारी’? ‘पाच’ की ‘पास’? तीनदा मागे घेऊन ऐकलं. रेकॉर्डिंगच भिकार आहे म्हणून चरफडले आणि सहज हेडफोन उलटा करून घातला. चालू कप उजव्या कानावर आला आणि सगळं लख्ख ऐकू आलं.

म्हणजे आवाज येत होता, शब्द येत नव्हते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना मी हेच सांगितलं, तेव्हा लिहिता लिहिता त्यांनी पेन खाली ठेवलं. मळ बघून झाला होता, पडदा बघून झाला होता, दोन्ही ठीक. मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला. “कुठल्या बाजूला ऐकू येतोय?” उजवीकडे. मळामुळे किंवा पडद्यामुळे कमी ऐकू येत असेल तर हा आवाज खराब कानाकडे जातो. दोष नसेचा किंवा आतल्या कानाचा असेल तर चांगल्या कानाकडे पळतो. माझा पळाला होता.

मग श्रवणचाचणी. जाड दाराची, आत शिरलं की स्वतःचा श्वास ऐकू येईल अशी ती खोली. आधी सूर. ऐकू आला की बटण दाबायचं. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतरचा भाग मला नवीन होता. डाव्या कानात ऑडिओलॉजिस्ट बाई एकेक शब्द म्हणणार, मी तो परत म्हणायचा. उजव्या कानात तेवढा वेळ वाऱ्यासारखा घोंघाट सोडलेला, नाहीतर चांगला कान चोरून ऐकतो आणि मार्क वाईट कानाला मिळतात. शब्द पंचवीस. प्रत्येकाला चार टक्के.

“अंदाज असला तरी म्हणा ताई, गप्प राहू नका,” त्या म्हणाल्या.

वाट. घर. ‘सात’ला मी ‘हात’ म्हटलं. ‘ताट’ला ‘पाट’. स, त, क, प ही मंडळी उंच सुरात राहतात आणि माझा कान तिथेच झिजलेला. पंचविसातले एकवीस बरोबर आले, म्हणजे ८४ टक्के. उजव्या कानाचे पंचविसाच्या पंचवीस. सुरांची सरासरी, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा सूर किती मोठा लागतो ते, डावीकडे २० डेसिबल. हा आकडा जितका लहान तितका कान चांगला, म्हणजे कुणी ‘ठणठणीत’ म्हणावं अशी. सूर चांगले आणि शब्द त्या मानाने कमी, तेही एकाच कानात. ही जोडी बघूनच एमआरआय लिहून दिला गेला.

एमआरआयमध्ये गाठ निघाली. नऊ मिलिमीटरची. कॅन्सरची नव्हे, साधी. तिचं जुनं नाव अकूस्टिक न्यूरोमा. हे नाव दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे, हे मला नंतर कळलं. ती ऐकण्याच्या नसेवर होत नाही, तोल सांभाळणाऱ्या नसेवर होते. आणि नसेच्या तंतूंची नसते, तंतूंवर वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशींची असते (श्वान हे एका शास्त्रज्ञाचं नाव). म्हणून खरं नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. दर वर्षी लाखात एखाद्या-दोघांना सापडते. पण माझ्यासकट सगळे तिला ‘कानाच्या नसेची गाठ’च म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. कानाच्या आतून मेंदूकडे जायला हाडात जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा बोगदा आहे. त्यातून तोलाच्या दोन, ऐकण्याची एक आणि चेहऱ्याची एक अशा चार नसा एकमेकींना खेटून जातात. एकीवर गाठ आली की बाकीच्यांची कोंडी होते.

पहिले दहा महिने नुसती वाट पाहिली. हीही उपचाराचीच एक पद्धत आहे. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं जागच्या हलत नाहीत. माझी हलली. दुसऱ्या एमआरआयमध्ये बारा मिलिमीटर, आणि आता तिचं बोंडूक बोगद्याबाहेर डोकावत होतं. आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार म्हणतात तो. श्रवणचाचणीत चार सूर १५, २०, ३०, ४५ डेसिबलवर, सरासरी २७.५. शब्द अठरा. ७२ टक्के.

हे ७२ लक्षात ठेवा.

वाढतेय म्हटल्यावर पुढे तीन वाटा होत्या. आणखी थांबणं, एकाच बैठकीत नेमक्या जागी दिलेलं रेडिएशन, किंवा ऑपरेशन. मी ऑपरेशन निवडलं. का, त्याचं नीटसं समर्थन माझ्याकडे आजही नाही. वय एकेचाळीस होतं आणि डोक्यात गाठ ठेवून पुढची तीस-चाळीस वर्षं दर वर्षी एमआरआयच्या नळकांड्यात शिरायचं मला नको होतं, एवढंच. माझ्या जागी दुसऱ्या कुणी रेडिएशन निवडलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं नसतं. पण निवड करताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते: माझा कान वाचेल का?

पहिले सर्जन म्हणाले, सत्तर टक्के. दुसरे म्हणाले, निम्मी-निम्मी शक्यता धरा. तिसरे म्हणाले, “कानाचा विचारच सोडा. चेहरा वाकडा न होता गाठ निघाली तर पेढे वाटा.”

तिन्ही ठिकाणी दादा माझ्यासोबत होता. दादाला आकड्यांचं वेड. घरी येऊन त्याने लॅपटॉपवर तक्ता केला, तिसऱ्यांचं शून्य धरलं आणि सरासरी काढून मला सांगितलं, “चाळीस टक्के.” आई म्हणाली, “अरे, तीन डॉक्टरांच्या मतांची काय बेरीज करतोस, ती काय दुधाची बिलं आहेत?” आईला संख्याशास्त्र येत नाही, पण मुद्दा तिचाच बरोबर होता. एकाच कानाला तीन जाणते लोक तीन आकडे देत होते. म्हणजे ते एकच गोष्ट मोजत नव्हते.

मग मी पहिल्या सर्जनकडे परत गेले, या वेळी एकटी. वहीत तीन प्रश्न लिहून नेले होते. कान वाचला म्हणजे काय? कुणाकुणाचा धरून? आणि ऑपरेशननंतर किती दिवसांनी मोजलेला? ते हसले. म्हणाले, “हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवे होतेत. बसा.”

पुढचा अर्धा-पाऊण तास त्यांनी जे सांगितलं, ते मला या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

त्यांच्या सत्तरमध्ये, ऑपरेशननंतर मशीनवर काहीही ऐकू आलं असे सगळे जमा होते. कडाडून वाजवलेला सूर कळला, पण शब्द एकही कळत नाही, तोही ‘वाचला’. दुसऱ्या सर्जनची मोजणी कडक होती. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या अकादमीने १९९५ साली यासाठी चार वर्ग ठरवले: ए, बी, सी, डी. सुरांची सरासरी ३० डेसिबलपर्यंत आणि शब्द ७० टक्के किंवा जास्त, तर ए. सरासरी ५० पर्यंत आणि शब्द निदान ५० टक्के, तर बी. शब्द निम्मे कळतात पण सुरांची सरासरी पन्नासच्या पलीकडे गेली, तर सी. शब्द निम्म्याच्याही खाली घसरले, की सूर कसेही असोत, डी. पहिले दोन वर्ग म्हणजे ‘कामाचा कान’. तोंडी भाषेत याला पन्नास-पन्नासचा नियम म्हणतात. दुसऱ्या सर्जनची निम्मी-निम्मी या कामाच्या कानाची होती. आणि तिसऱ्यांकडे सगळीकडून मोठ्या गाठीच येतात, मेंदूच्या देठाला ढकलणाऱ्या. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं त्यात कान वाचणं हा अपवादच. तिघेही खरं बोलत होते.

आणि वेळ? ऑपरेशननंतर वाचलेला कान पुढे तसाच राहतो असं नाही. काहींचा वर्षा-दोन वर्षांत, काहींचा आणखी उशिरा उतरत जातो. काँग्रेस ऑफ न्यूरॉलॉजिकल सर्जन्स या संघटनेने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं छापली, त्यात आकडे एकेरी नाहीतच, पट्टे आहेत: २५ ते ५०, ५० ते ७५ असे. लहान-मध्यम गाठ आणि कामाचा कान असलेल्या सर्वांना एकत्र धरलं, तर ऑपरेशननंतर लगेच कान कामाचा राहायची शक्यता २५ ते ५० च्या पट्ट्यात. त्यातले ए वर्गवाले वेगळे काढले, तर ५० ते ७५ च्या पट्ट्यात. थांबलेल्यांचा आणि रेडिएशन घेतलेल्यांचा कान सुरुवातीची काही वर्षं जास्त टिकतो. पण दहा वर्षांच्या टोकाला सगळ्याच वाटा साधारण त्याच २५ ते ५० च्या पट्ट्यात येऊन थांबतात. हे ऐकून मी जरा वेळ गप्प बसले. मी कान वाचवायचा की नाही हे ठरवत होते. खरं तर कान कधी आणि कसा जाऊ द्यायचा, हेही त्यात आलं होतं.

आता ते ७२. ए वर्गाची रेघ ७० वर. अठराच्या जागी सतराच शब्द बरोबर आले असते, तर ६८ टक्के होऊन मी बी वर्गात गेले असते आणि माझ्या नावापुढचा पट्टा बदलला असता. एका शब्दासाठी. मी बोलून दाखवलं. सर्जन म्हणाले, “पंचवीस शब्दांच्या चाचणीत दोन-तीन शब्द इकडेतिकडे होतातच. आज अठरा, उद्या सोळा, परवा वीस. रेघ आम्ही आखली आहे, कानाला ती माहीत नाही.”

मग त्यांनी एमआरआय स्क्रीनवर लावला. साधा नव्हे, पाणी पांढरंशुभ्र दिसतं तो प्रकार. बोगद्यात गाठ काळपट, भोवतीचं पाणी पांढरं. त्यांनी पेन्सिलीचं टोक बोगद्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यावर ठेवलं. “हे बघा.” नखाच्या कोरीएवढी पांढरी चकती. गाठ बोगदाभर ठासली गेली नव्हती, टोकाला थोडं पाणी शिल्लक होतं. या पाण्याच्या टोपीला भविष्य सांगण्यात मान आहे. त्या सूत्रांमध्ये कान राहण्याच्या बाजूने तीन गोष्टी धरल्या आहेत: आधीचा कान चांगला असणं, गाठ लहान असणं, सहसा सेंटीमीटरच्या आत, आणि बोगद्याच्या टोकाला पाणी असणं. टोकाला पाणी असेल तर नस कुठून निघते ते सर्जनला उघड्या डोळ्यांनी दिसतं, चाचपडावं लागत नाही. वय आणि स्त्री की पुरुष यांनी फारसा फरक पडत नाही. माझी गाठ सेंटीमीटरच्या रेघेपलीकडे दोन मिलिमीटर गेलेली, कान ए वर्गात काठावर, पाणी मात्र होतं. तीनातले दीड मुद्दे, असा मी मनात हिशेब केला.

आणखी दोन चाचण्या झाल्या. बेरा म्हणजे कानात टिकटिक सोडायची आणि डोक्यावर चिकटवलेल्या तारांवरून मेंदूपर्यंतच्या वाटेवरच्या लहरी टिपायच्या. एकापुढे एक पाच लहरी येतात, त्यातली पाचवी महत्त्वाची. गाठ असलेल्या पुष्कळांच्या त्या बाजूच्या लहरी विस्कटलेल्या किंवा गायबच असतात. माझ्या सगळ्या होत्या. पाचवी उजव्यापेक्षा ०.६ मिलिसेकंद उशिरा येत होती एवढंच. दोन कानांत ०.२ चा फरकसुद्धा संशयास्पद धरतात, म्हणजे उशीर चांगलाच होता. तरीही लहर आहे हे चांगलं, कारण नसेतून अजून वाहतूक चालू आहे. शिवाय ऑपरेशनच्या वेळी लक्ष ठेवायला काहीतरी हाती राहतं. मुळात लहरच नसेल तर पाळत कशावर ठेवायची?

दुसरी चाचणी तोलाची. कानात कोमट, मग गार पाणी सोडतात आणि डोळे कसे भिरभिरतात ते बघतात. भिंती गरगरल्या, पोट ढवळलं, याहून जास्त वर्णन करण्यात अर्थ नाही. डावी बाजू जवळपास झोपलेली निघाली. तिच्याच जोडीची, मानेच्या स्नायूंवर तारा लावून करायची चाचणी मात्र ठीक आली. यावरून कळतं काय, तर गाठ तोलाच्या वरच्या नसेवर असावी, खालच्या नव्हे. चार नसांची मांडणी अशी: पुढच्या बाजूला वर चेहऱ्याची, खाली ऐकण्याची, मागच्या बाजूला तोलाच्या दोन, वरची आणि खालची. चेहऱ्याची नस सातवी आणि ऐकण्याची म्हणजे कॉक्लियाची, आतल्या कानातल्या शंखाची, म्हणून जगभरचे विद्यार्थी पाठ करतात: सेव्हन अप वर, कोक खाली. वरच्या दोन नसांच्या मधल्या हाडाच्या चिंचोळ्या पट्टीला ‘बिल्स बार’ म्हणतात, आणि हा बिल म्हणजे विल्यम हाउस, कानाकडून या गाठींपर्यंत पोचण्याच्या वाटा १९६० च्या दशकात खुल्या करणारे सर्जन. इतक्या अवघड जागेतल्या हाडाला कुणी टोपणनाव द्यावं, याची मला तेव्हाही गंमत वाटली. मुद्दा असा, की तोलाची खालची नस ऐकण्याच्या नसेची सख्खी शेजारीण. गाठ तिच्यावर असेल तर कान वाचणं जास्त अवघड. माझी वरच्या मजल्यावर होती. अर्थात हाही अंदाजच. खरं काय ते उघडल्यावर.

सगळं जमेस धरून सर्जन म्हणाले, “साठच्या आसपास म्हणेन. कामाचा कान, वर्षभरानंतर मोजलेला. पण तुम्ही साठ धरून बसू नका. मी पन्नास म्हटलं असतं किंवा सत्तर म्हटलं असतं, तरी माझ्या म्हणण्यात फार फरक नसता.” मग थोडं थांबून, “आणि एक गोष्ट यातल्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही. कॉक्लियाला रक्त नेणारी धमनी. केसासारखी असते, तिला पर्यायी वाट नाही. नस अख्खी राहिली आणि ती धमनी आखडली, तरी कान जातो.”

दादाने विचारलं, काय म्हणाले? साठ, म्हटलं. तक्त्यात भर पडली.

ऑपरेशन कानामागच्या बाजूने झालं. आणखी एक वाट अंतर्कर्णातूनच जाते. ती रुंद आणि सोयीची, पण तिच्यात ऐकणं सरळ सोडून द्यावं लागतं, म्हणून माझ्यासाठी ती नव्हतीच. ऑपरेशनबद्दल मला स्वतःला काय आठवणार? जे आहे ते एका कागदावर आहे. नंतर मी मागून घेतला. लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या तंत्रज्ञांनी त्यावर काय काय आहे ते समजावून सांगितलं.

कागद लांबट. वरपासून खालपर्यंत एकाखाली एक लहरी, प्रत्येकीपुढे वेळ. माझ्या डाव्या कानात बारीक इअरफोन बसवून सगळा वेळ टिकटिक चालू होती. एक नीट लहर मिळायला हजारभर टिकटिकींची सरासरी काढावी लागते, त्यामुळे पडद्यावर दिसतं ते थोडं आधीचं असतं, जवळपास मिनिटापूर्वीचं. पाचवी लहर एक मिलिसेकंदाने मागे पडली किंवा तिची उंची निम्म्यावर आली, की तंत्रज्ञ ओरडून सांगतात. वरच्या वीसेक ओळी सारख्या आहेत. पाचव्या लहरीचं टोक एकाखाली एक, कवायतीत उभं राहिल्यासारखं. मग बोगद्याची मागची भिंत ड्रिलने उतरवताना टोकं किंचित उजवीकडे सरकायला लागतात. सरकत सरकत जातात. त्याच्या खाली पेनने एक आडवी रेघ आणि ‘थांबले’ एवढाच शब्द.

त्या रेघेखाली चार ओळी सपाट आहेत.

त्या चार ओळींच्या वेळात सगळे हात बाजूला घेऊन थांबले होते. कोमट सलाइन सोडलं, धमनी सैल पडावी म्हणून औषधाचे थेंब टाकले. पाचव्या ओळीत एक फुगवटा दिसतो. तो लहर आहे की नुसता गोंगाट, मला ओळखता आलं नसतं. सातव्या ओळीत ती नक्की लहरच आहे. पहिल्यापेक्षा बुटकी आणि उशिराची, पण आहे. तिथून शेवटपर्यंत ती तशीच बुटकी राहिली. गाठ वरच्याच नसेची निघाली, म्हणजे तो अंदाज बरोबर होता.

“यावरून काय सांगता येतं?” मी तंत्रज्ञांना विचारलं. “शेवटी लहर शिल्लक होती म्हणजे आशा बरी,” ते म्हणाले. “पण लहर असूनही गेलेले कान मी पाहिलेत, आणि लहर गेली असताना राहिलेलेही, कमी, पण आहेत.” आधीचा साठचा आकडा आता कालबाह्य झाला होता. टेबलावरच तो बदलला होता, मी बेशुद्ध असताना.

नंतरचे दिवस तोलाचे होते. पहिले तीन दिवस खोली बोटीसारखी. मान वळवली की ओकारी. मग भिंत धरून चालणं, मग मान हलवायचे व्यायाम, कंटाळवाणे पण उपयोगी. चेहरा शाबूत होता. आईने रोज सकाळी मला हसून दाखवायला लावलं आणि दोन्ही कोपरे सारखे वर जातात की नाही ते चष्मा लावून पाहिलं. पेढे मात्र कुणी वाटले नाहीत.

कानाचं मात्र काहीच कळत नव्हतं. आत कापूस कोंबल्यासारखं दडपण आणि त्यामागे शिट्टी. मी चोरून परीक्षा घेत असे. उजवा कान बोटाने दाबायचा आणि डाव्यापाशी चिमटीत केस चोळायचे. कधी वाटे ऐकू आलं, कधी वाटे बोटांनाच ते जाणवलं. पडद्यामागे पाणी साठलंय, ते जिरेपर्यंत चाचणी करू नका, असं सांगितलं होतं. तरी मी फोन डाव्या कानाला लावून पाहिलाच. दादा बोलत होता. दादाच बोलतोय हे आवाजाच्या चढउतारावरून ओळखू येत होतं. काय बोलतोय, ते नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा त्या जाड दाराच्या खोलीत. सुरांची सरासरी ४८. शब्द दहा. ४० टक्के, म्हणजे डी वर्ग. पन्नास-पन्नासच्या हिशेबात कान गेला. सर्जनच्या जुन्या सत्तरच्या हिशेबात वाचला. मी रडले नाही, कारण नक्की कशाबद्दल रडायचं तेच ठरत नव्हतं. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, “नस दुखावलेली आहे, अजून सहा महिने द्या तिला.” शब्द कधी कधी नंतर थोडे परत येतात, म्हणाल्या. कधी कधी, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

दरम्यान मी कामाला लागले. उजव्या कानाने सगळं होतं. फक्त हेडफोनमध्ये दोन बाजूंचे आवाज आता एकाच बाजूला घ्यावे लागतात, आणि बैठकीत तिघं एकदम बोलले की कोण कुठून बोलतंय ते सुटतं. दोन कानांचं काम आवाज मोठा करणं नसून तो उकलणं असतं, हे मला गाठीने शिकवलं. घरात कुणी हाक मारली की मी हमखास उलट्या खोलीत जाते. आईला आता त्याची सवय झाली आहे. ती हाक मारते आणि ‘स्वयंपाकघरातून’ असं पुढे जोडते.

सहा महिन्यांनी अकरा शब्द. वर्षाने पुन्हा गेले. दादाही आला होता, खोलीबाहेर बसला होता. सूर झाले: सरासरी ४६. मग उजव्या कानात तो वारा सुरू झाला आणि डाव्यात बाईंचा आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा. मी म्हणत गेले. काही शब्द नक्की माहीत होते, काही नुसतेच तोंडातून निघत होते. शेवटच्या शब्दाच्या वेळी मला फक्त लांबट ‘आ’ ऐकू आला, पुढे काहीतरी होतं, मागे काहीतरी होतं. गप्प बसायचं नाही, हे आठवलं. “वाट,” मी म्हटलं.

बाईंनी बेरीज केली आणि दार उघडून आत आल्या. “तेरा. बावन्न टक्के! बी वर्ग, ताई. कामाचा कान.”

बाहेर दादाने टाळीच वाजवली. सर्जननी संगणकात माझी ओळ उघडली, डी खोडून बी लिहिलं, आणि म्हणाले, पुढच्या कुणी पेशंटने विचारलं की माझ्या आकड्यात तुम्ही आता वाचलेल्यांत. बारा आले असते तर ४८ टक्के झाले असते आणि ओळ तशीच राहिली असती.

निघताना मी बाईंना विचारलं, शेवटचा शब्द काय होता?

“वाट,” त्या म्हणाल्या. “बरोबर म्हणालात की.”